मिसळण्यात नापास

“मॅडम, तुमच्या रिपोर्टप्रमाणे या बॅचमधली एकही मुलगी लाइन लीडर होऊ शकत नाही,” पाटणकर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पाटणकर चाकणच्या एका वायरिंग हार्नेस कंपनीत एचआर मॅनेजर. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा. हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, सगळं त्याच्यावर चालतं. हा जुडगा अजूनही बराचसा हातानेच बांधावा लागतो. माणसाएवढ्या उंचीच्या बोर्डावर खुंट्या ठोकलेल्या असतात. त्यांच्यावरून वायरी फिरवायच्या, टोकांना कनेक्टर लावायचे, वरून टेप गुंडाळायची. बोर्ड सावकाश पुढे सरकत राहतो, त्यामुळे रेंगाळून चालत नाही. हे काम जास्त करून मुली करतात.

कंपनीतल्या ट्रेनी मुलींच्या एका बॅचची मुदत संपत आली होती. मुदत संपली की कंपनी बहुतेकींना निरोप देते आणि मोजक्या जणींना कायम करते. या वेळी लाइन लीडरच्या दोन जागा होत्या. लाइन लीडर म्हणजे एका लाइनची मुख्य. कोण आली, कोण नाही, कुणाला कुठे उभं करायचं, माल कुठे अडला, दोघींचं वाजलं तर काय करायचं, हे सगळं तिने बघायचं. ट्रेनींमधूनच दोघी निवडाव्यात असं प्लांट हेडचं म्हणणं होतं. तशा मिळाल्या नाहीत तर बाहेरून डिप्लोमावाले घ्यायचे.

त्या निवडीआधी पर्सनॅलिटी प्रोफाइल करायला मला बोलावलं होतं. माझं ऑफिस आकुर्डीत. कॉलेजची मुलं आणि नोकरीत नवी लागलेली मंडळी हे माझे नेहमीचे लोक. प्रोफाइलमध्ये साधी साधी विधानं असतात. ‘मी काम वेळेत संपवते’, ‘मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं’, अशी. प्रत्येकापुढे सहमत की असहमत ते सांगायचं. बरोबर उत्तर, चूक उत्तर असं काही नसतं. सगळं मिळून माणसाच्या स्वभावाचं एक ढोबळ चित्र तयार होतं, आणि त्या चित्रावरून आपला जोर कशात आहे हे त्याचं त्याला कळायला मदत होते. इतकंच.

चाचणी कॉम्प्युटरवर होती, त्यामुळे रिपोर्ट थेट पाटणकरांकडे गेले होते; मी ते अजून बघितले नव्हते. स्क्रीनवर ‘लोकांत मिसळण्याची आवड’ असं लिहिलेली एक रांग होती. सगळ्या पट्ट्या आखूड.

“सगळ्याच जणी?” मी विचारलं.

“सगळ्याच. दोन-चार जणी जरा बऱ्या, पण त्याही खालीच.”

“अख्खी बॅच एकलकोंडी? भरतीच्या जाहिरातीत तशी अट घातली होतीत का?”

पाटणकर हसले नाहीत. “मॅडम, सोमवारी प्लांट हेडना नावं द्यायची आहेत. आज मंगळवार.”

आमच्या कामात एक गोष्ट लवकर शिकावी लागते. एका माणसाचा निकाल विचित्र आला तर माणसाकडे बघावं. सगळ्यांचा आला तर काट्याकडे बघावं. मी त्यांना तसं सांगितलं. काटा कुठे चुकला हे मात्र मला अजून कळलं नव्हतं.

“मुलींना रिपोर्ट दाखवलेत का?”

“दिले ना. कॅंटीनमध्ये छोटासा कार्यक्रमच केला. एकेकीचं नाव पुकारलं. टाळ्या वाजवल्या.”

“एकेकीला समोर बसवून मी समजावून सांगणार, असं ठरलं होतं.”

“प्रोडक्शन एवढा वेळ सोडत नाही हो. आणि रिपोर्ट मराठीतच आहे की. वाचतील.” मग त्यांनी लॅपटॉप मिटला. “चौघींनी लाइन लीडरसाठी नावं दिली होती. त्यातल्या एकीने काल मागे घेतलं. मीरा म्हणून आहे. आमचे सुपरवायझर गोरे म्हणतात, बरी होती.”

मी म्हटलं, आधी तिला भेटते.

मीरा जेवणाच्या सुट्टीत ट्रेनिंग रूममध्ये आली. हिंगोली जिल्ह्यातली, बारावी झालेली. बारीक चणीची, डोक्यावर कंपनीची टोपी. दोन बोटांच्या टोकांना काळी टेप गुंडाळलेली. कनेक्टर दाबून दाबून कातडी सोलते म्हणून या मुली तसं करतात.

“नाव का मागे घेतलंस?”

“नापास झाले ना, मॅडम.”

“कशात?”

“मिसळण्यात. बत्तीस पडले. पस्तीस तर लागतात.”

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रिपोर्टमध्ये प्रत्येक गुणापुढे शंभरातला एक आकडा असतो. नाव पुकारून, टाळ्या वाजवून, आकडे असलेला कागद हातात दिला तर आपल्याकडे त्याला एकच अर्थ. मार्कलिस्ट. आणि पस्तीसच्या खाली असेल तर नापास.

“बाकीच्यांना किती पडले?” मी विचारलं.

“पूजाला एकोणचाळीस. ती काठावर निघाली. शीतललाही तेवढेच असतील. सुनीता अठ्ठावीस, पण तिनं नावच दिलं नव्हतं.” मग माझं समाधान करावं तसं म्हणाली, “नेटकेपणात मला एक्याऐंशी आहेत.”

मी तिला समजावलं. शंभर माणसं उंचीने उभी केली, बुटकं आधी, उंच शेवटी, तर तू बत्तिसावी. एवढाच त्या आकड्याचा अर्थ. उंचीत कुणी नापास होत नाही.

“म्हणजे मी बुटकी.”

“या बाबतीत, हो.”

“आणि त्यांना उंच पाहिजे.”

मुलगी हुशार होती.

“आणि मॅडम, रिपोर्ट काही खोटा नाही,” ती पुढे म्हणाली. “मला खरंच माणसं नको वाटतात. त्यात विचारलं होतं, सुट्टीच्या दिवशी एकटीला बसायला आवडतं का. मी पूर्ण सहमत केलं. गुरुवारी मी दिवसभर टाकीपाशी जाऊन बसते.”

“कसल्या टाकीपाशी?”

“गच्चीवर. पाण्याची टाकी. तिथं कुणी नसतं.”

“आणि खोलीत?”

“आम्ही आठ जणी आहोत. इतर दिवशी चार पहिल्या शिफ्टला, चार दुसऱ्या. चार कॉट आहेत, भागतं. गुरुवारी मात्र सगळ्याच घरी.”

सुट्टी संपली आणि ती लाइनवर गेली. मी तिथेच बसून विधानं पुन्हा वाचली. ‘आजूबाजूला सतत माणसं असली की मला उत्साह वाटतो.’ ‘मोकळा वेळ मिळाला की मी लोकांमध्ये जाते.’ आठ जणींच्या खोलीत राहणारी मुलगी यावर काय म्हणणार? पाटणकरांना फोन करून विचारलं, बाकीच्या मुली कुठे राहतात? सगळ्या अशाच, कुरुळी आणि आसपास, एका खोलीत सहा, सात, आठ.

हीच चाचणी मी मारुंजीत राहणाऱ्या आयटीच्या मुलांना देत आले आहे. वन बीएचकेत एकटे राहतात, घरूनच काम करतात, दिवसभर स्क्रीनशी बोलतात. त्यांना ‘लोकांमध्ये जायला आवडतं का’ विचारलं की खणखणीत हो येतं. मग रिपोर्ट म्हणतो, हा मनमिळाऊ. चाचणी बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं की उत्तर देणाऱ्याला स्वतःचं दार आहे, हवं तेव्हा उघडायला आणि हवं तेव्हा लावायला. ज्याला दारच नाही त्याच्याबाबतीत चाचणी एकांताची भूक मोजते आणि रिपोर्टमध्ये तिलाच स्वभाव म्हणते.

काटा कुठे चुकला ते कळलं. पण मीराचा प्रश्न सुटला नव्हता. खोलीच्या गर्दीमुळे तिला माणसं नकोशी झाली होती, की ती मुळातच तशी होती? आणि मुळातच तशी असेल, तर लाइन लीडरचं काम तिला झेपेल का? हे कागदावरून कळण्यासारखं नव्हतं. मी पाटणकरांना सांगितलं, शुक्रवारपर्यंत कुणाचंच नाव पक्कं करू नका आणि कुणाचं कापूही नका.

गुरुवारी चाकण भागात साप्ताहिक सुट्टी. सकाळीच मी कुरुळीला गेले. इमारत दोन मजली, खाली पाच खोल्या, वर पाच. पुढे मोकळ्या जागेत मालकांच्या मुलाची मोठी गाडी उभी. मालकीणबाई कमलकाकू दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्याच शेतात ही इमारत उभी राहिली आहे.

“कंपनीच्या का तुमी?” त्यांनी वर न बघताच विचारलं. “पोरींनी काय केलं?”

“काही नाही. मी सहज भेटायला आले आहे.”

“सहज कोन येतंय हितं!” काकूंनी पाट पुढे सरकवला. “बसा. आमी फकस्त पोरींलाच खोल्या देतो. पोरं न्हाई ठेवत. पोरं गाणी लावत्यात.”

“मुली त्रास देत नाहीत?”

“आता न्हाई. आधी लई. हितं नळाला पानी सकाळी येतं, ते बी घटकाभर. दहा खोल्या, एक नळ. बादल्या फेकून मारायच्या एकमेकींला. मी तर म्हनलं व्हतं, समद्यांला काढते. पन त्या मीरीनं नीट लावून दिलं.”

“मीराने?”

“व्हय तर. दहाबी खोल्यांच्या पोरी हितं गोळा केल्या. मला वाटलं, आता हानामाऱ्या व्हत्यात. तर ही बसली मधी नि लावून दिली पाळी. आता बगा, सकाळचा आवाज न्हाई.”

मी वरच्या मजल्यावर गेले. खोलीत सात मुली होत्या. एक फोनवर बोलत होती, एक केस विंचरत होती, एक तोंडावर ओढणी घेऊन झोपली होती. कुकर शिट्ट्या देत होता. दोघींचं बेसिनपाशी हसणं चाललं होतं. मला बघून फोनवालीने फोन बाजूला केला. हीच पूजा, एकोणचाळीसवाली, लाइन लीडरसाठी नाव दिलेली.

“मॅडम! या ना, बसा. अगं, ती कॉट रिकामी करा. चहा टाका गं. मीरा वर आहे. गुरुवारी ती वर, आम्ही खाली, असंच आहे आमचं.” एका दमात एवढं बोलून तिने फोनवर सांगितलं, “अरे ठेवू नको, चालूच राहू दे.”

मीरा गच्चीत काळ्या टाकीच्या सावलीत बसली होती. मला बघून उठली.

“बस. मोबाइलही नाही हातात?”

“खाली चार्जिंगला आहे. प्लग एकच आहे, पाळीनं लावतो.”

“ती पाळीही तूच लावलीस?”

“हो.”

“आणि पाण्याची?”

“काकूंनी सांगितलं का? ते काय मॅडम, घरातलं. ते काही काम नाही.”

“कसं केलंस ते सांग तरी.”

तिला हे सांगण्यासारखं वाटतच नव्हतं. दोनदा विचारल्यावर सांगितलं. “नळावरचं भांडण पहाटेच चालू व्हायचं. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात माझी झोप मोडायची. म्हणून मग एकदा सगळ्यांना बसवलं. जी सगळ्यात जास्त भांडायली होती, तिलाच पहिली पाळी देऊन टाकली. म्हटलं, तुझं झालं की पुढच्या खोलीला हाक मारायची, ती तुझी जबाबदारी. आता ती कुणाला एक मिनिट उशीर करू देत नाही.”

“कोण ती?”

“पूजा.”

मला हसू आलं. “आणि तिने ऐकलं नसतं तर?”

“तर दुसरं काही केलं असतं. एक जमलं नाही म्हणून सोडून देते काय? झोप तर माझीच मोडायली होती.”

म्हणजे या मुलीला शांतता हवी होती, म्हणून तिने दहा खोल्यांना शिस्त लावली होती. तिच्याबाबतीत रिपोर्ट चुकला नव्हता. तिला खरोखरच एकटं राहायला आवडत होतं. चूक होती ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात, आणि तो निष्कर्ष पाटणकरांनी काढला तसा तिनेही काढला होता.

मी तिला एवढंच सांगितलं, “आवड वेगळी आणि हातोटी वेगळी. मला स्वयंपाक अजिबात आवडत नाही. इतकी वर्षं घर जेवतंय, कुणी उपाशी राहिलं नाही.”

ती पहिल्यांदाच हसली. मग म्हणाली, “कायम झाले तर मला दोघींत एक खोली घ्यायची आहे. तेवढ्यासाठीच नाव दिलं होतं.”

“मग परत दे.”

“आणि परत नापास झाले तर?”

“मुदत संपेल आणि तू कॉन्ट्रॅक्टरमार्फत दुसऱ्या कंपनीत पहिल्यापासून सुरू करशील. नाव न देऊनही तेच होणार आहे.”

“बघते,” ती म्हणाली. मी जास्त गळ घातली नाही. एका रिपोर्टने तिला मागे लोटलं होतं, आता माझ्या आग्रहाने पुढे ढकलणं म्हणजे पुन्हा तेच.

शुक्रवारी सकाळी पाटणकरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग दुसरी एखादी टेस्ट आहे का? झटपट रिझल्ट देणारी?”

“आहे. तुमची लाइन.”

“म्हणजे?”

“ज्यांनी नावं दिली आहेत त्यांना आज आणि उद्या अर्धी-अर्धी शिफ्ट एक लाइन चालवायला द्या. गोरे शेजारी उभे राहतील. काय घडलं ते लिहितील.”

गोऱ्यांना बोलावलं. ते जुने सुपरवायझर, बोलायला सडेतोड. “अहो मॅडम, टार्गेट पडलं तर शिव्या मी खाणार.”

“एकच लाइन आहे. आणि मुली त्यांच्याच बॅचच्या.”

“तेच तर. मैत्रिणीचं कोण ऐकतंय?”

“तेच बघायचं आहे,” मी म्हटलं. “तीन गोष्टी बघा. कुणी गैरहजर असेल तर ती लाइन कशी बसवते. माल कमी पडला तर कधी कळवते आणि कुणाला. आणि दोघींचं वाजलं तर काम चालू राहतं का. ‘कॉन्फिडंट वाटली’ असलं काही लिहायचं नाही. तिने काय केलं ते लिहायचं.”

“वाटलं ते लिहायचं नाही?”

“नाही.”

“मग अर्धं पान पुरेल,” गोरे म्हणाले.

पाटणकरांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि मग हो म्हटलं. बाहेरचे डिप्लोमावाले टिकत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं.

शुक्रवारच्या पहिल्या अर्ध्यात नाव दिलेल्यांपैकी एकीने लाइन चालवली. तिने सगळं स्वतःच करायचा प्रयत्न केला आणि जेवणापर्यंत रडवेली झाली. दुसऱ्या अर्ध्यात पूजा. लाइन एकदम खुशीत. पूजाचा आवाज लांबवर ऐकू येत होता, “चला गं, हात चालवा, मॅडम बघतायत!” पुढे एका स्टेशनवर, म्हणजे लाइनवरच्या एका कामाच्या जागी, कनेक्टर संपले. पूजा धावत स्वतःच स्टोअरला गेली. ती परत येईपर्यंत लाइन थांबलेली, आणि मुली गप्पा मारत उभ्या.

संध्याकाळी बसची वेळ झाली तेव्हा गोऱ्यांनी मला सांगितलं, मीराने नाव परत दिलंय. काय म्हणाली? काही नाही, एवढंच म्हणाली, उद्या मी पण.

शनिवारी पहिल्या अर्ध्यात शीतल. तिने लाइन नीट चालवली, विशेष सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि लाइन लीडरच्या बाबतीत ही मोठीच शिफारस असते. दुसऱ्या अर्ध्यात मीरा.

दोन मुली जेवणानंतर बरं नाही म्हणून गेल्या. मीराने रिलीव्हर मुलीला एका जागी उभं केलं. रिलीव्हर म्हणजे कुणी पाणी प्यायला, बाथरूमला गेली तर तेवढा वेळ तिची जागा घेणारी. दुसरी जागा भरायला टेपिंगवरच्या पूजाला हलवावं लागणार होतं. पूजा हलेना.

“काल मी लीडर होते. आज मीच का टेपिंग सोडायचं? दुसरीला सांग.”

सगळ्या लाइनचं लक्ष तिकडे. बोर्ड सरकतोय. गोरे पुढे व्हायला निघाले, मी त्यांना हाताने थांबवलं. मीरा पूजाजवळ गेली, हळू आवाजात दोन वाक्यं बोलली. पूजाने तोंड वाकडं केलं, टेप खाली ठेवली आणि नव्या जागी जाऊन उभी राहिली. नंतर बराच वेळ तीच मान उंचावून काही तरी बघत होती आणि मध्येच मीराला खुणावत होती.

मी नंतर पूजाला विचारलं, काय म्हणाली गं ती?

“म्हणाली, काल तुझा माल संपला होता. मग किती उरल्यावर मागवायचा हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? तिथं उभी राहा, तिथून कनेक्टरची बिन दिसते, कमी झालं की मला सांग.” पूजा चिडली होती आणि तरी हसत होती. “पाण्याला पण असंच केलं होतं मॅडम तिनं मला. कळतं हो मला. पण काय करणार, खरंच होतं ते.”

शिफ्ट संपली. लाइन एकदाही थांबली नाही. गोऱ्यांनी अर्धं पान माझ्यापुढे ठेवलं. “काम झालं. पण आवाज नाही हो तिला. अर्धा वेळ मला कळतच नव्हतं, लीडर कोण आहे ते.”

“लाइनला कळत होतं?”

“हां, लाइनला कळत होतं.” त्यांनी जरा डोकं खाजवलं. “लिहितो ते पण.”

मीरा कपडे बदलायच्या खोलीत सापडली. बाकावर डोळे मिटून बसली होती. बस सुटायला थोडा वेळ होता.

“डोकं धरलंय,” ती म्हणाली. “जी ती काही ना काही सांगायली होती. संपेचना.”

“रोज असंच असेल.”

“माहीत आहे.” मग डोळे उघडून म्हणाली, “जमेल. पण मध्ये थोडा वेळ कुणी बोललं नाही पाहिजे.”

सोमवारी मी पाटणकरांना दोन नावं दिली, शीतल आणि मीरा. प्रत्येकीबद्दल आठ-दहा ओळी, आकडा एकही नाही. मीराच्या कागदावर शेवटी लिहिलं होतं: माणसं सांभाळता येतात, पण त्यात दमते. दुपारी दहा मिनिटं हिला एकटं सोडावं, त्या वेळात कुणी हाक मारू नये.

पाटणकरांनी ते वाचून वर बघितलं. “मॅडम, हे रिपोर्टमध्ये लिहायचं?”

“हेच लिहायचं असतं. बाकी सगळं तुम्हाला लाइनवर दिसलंच आहे.”

प्लांट हेडने दोन्ही नावं मान्य केली. पूजाला जागा मिळाली नाही. ही नव्या मुलींना शिकवायला उत्तम आहे, तिला ट्रेनिंगमध्ये घ्या, असं मी सुचवून बघितलं. पाटणकर म्हणाले, तशी पोस्टच नाही. मुदत संपल्यावर ती दुसऱ्या एका हार्नेस कंपनीत गेली. जाण्याआधी मी तिला आकुर्डीला बोलावून तिच्या रिपोर्टबद्दल तासभर बोलले. खरं तर हे पहिल्याच दिवशी प्रत्येकीबरोबर व्हायला हवं होतं.

मीरा कायम झाली आणि तिने कुरुळीतच शीतलबरोबर दोघींची खोली घेतली. दुपारची दहा मिनिटं तिला मिळतात. गोरे स्वतः ट्रेनिंग रूमच्या दाराशी उभे राहतात असं ऐकलं.

पुढे पाटणकरांनी ग्रुपच्या एचआर मीटिंगमध्ये हा सगळा प्रकार ‘शॉप फ्लोअर ॲसेसमेंट मॉडेल’ या नावाने सादर केला. स्लाइडवर माझं नाव नव्हतं. पुढच्या बॅचला त्यांनी मलाच बोलावलं, त्यामुळे मी तो विषय काढला नाही.

तेव्हापासून मी आकड्यांचे रिपोर्ट मुलांच्या हातात देत नाही, आणि चाचणीच्या आधी दोन-तीन साधे प्रश्न विचारते. कुठे राहता, एका खोलीत किती जण, शिफ्ट कुठली. मध्यंतरी दुसऱ्या एका कंपनीच्या एचआर हेडने ते प्रश्न बघून विचारलं, “मॅडम, हे सायकॉलॉजीत कुठे बसतं?”

मी म्हटलं, “ते मला माहीत नाही. पण हे विचारलं नाही तर पुढचं सगळं चुकतं.”